हसलात, आता जरा खोलात लिहा: गेम-समीक्षक आणि परीक्षकांना खुले पत्र

व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणाऱ्या आणि पुरस्कारांसाठी खेळ निवडणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

‘वेस्ट ऑफ लोदिंग’ हा खेळ १० ऑगस्ट २०१७ रोजी संगणकावर आला तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. पुढच्या वर्षी तो निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर आला, तेव्हाही सूर कौतुकाचाच होता. त्यामुळे या खेळाची उपेक्षा झाली अशी तक्रार घेऊन मी आलेलो नाही. माझी तक्रार त्या कौतुकाच्या रीतीबद्दल आहे. परीक्षणामागून परीक्षण वाचत गेलो की खेळ फार मजेदार आहे एवढं नक्की कळतं. तो मजेदार कशामुळे आहे, त्यातला एखादा विनोद कसा रचलाय, कुठे फसलाय, हे मात्र क्वचितच वाचायला मिळतं. भयपटासारख्या खेळावर लिहिताना तुम्ही दार करकरण्याच्या आवाजावर दोन परिच्छेद खर्च करता. विनोदी खेळाच्या वाट्याला ‘पोट धरून हसलो’ हे एक वाक्य येतं.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेतल्या असिमेट्रिक पब्लिकेशन्स या छोट्या कंपनीचा हा खेळ. त्यांचा ‘किंगडम ऑफ लोदिंग’ हा ब्राउझरवरचा खेळ २००३ पासून चालू आहे. नवा खेळ त्याच विश्वातला, पण अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेच्या साच्यात बसवलेला. घरची शेती सोडून तुम्ही पश्चिमेकडे निघता. काऊ पंचर, बीनस्लिंगर किंवा स्नेक ऑइलर यांतलं एक काहीतरी होता, म्हणजे मुठीने लढता, शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांची जादू करता, नाहीतर साप आणि औषधी तेलांवर पोट भरता. व्यवहाराचं चलन म्हणजे मांस. गाई घरी परतल्या आहेत, पण सैतानी होऊन. सोबतीला एक जोडीदार, वाटेत गावं, खाणी, सांगाडे, विदूषक. आणि हे सगळं काळ्यापांढऱ्या रेघांत, काड्यांची माणसं काढून.

त्या काड्यांपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्यातल्या अनेकांनीही तिथूनच केली. ‘दिसायला साधा आहे, पण…’ या धर्तीचं वाक्य मला इतक्या ठिकाणी भेटलं की चित्रशैली ही या खेळाची अडचण आहे आणि लेखनाने ती कशीबशी भरून काढली आहे, असा वाचकाचा समज व्हावा. मला हे मान्य नाही. चेहरा नसलेल्या माणसाच्या तोंडी घातलेलं वाक्य वाचणारा स्वतःच्या मनात उच्चारतो. सूर, ठेका, थांबा सगळं तो स्वतः ठरवतो. तपशीलवार चेहरा आणि ध्वनिमुद्रित आवाज असता तर ते सगळं नटाने ठरवलं असतं आणि वाचणाऱ्याच्या वेगाशी त्याचा मेळ बसलाच असता असं नाही. शाब्दिक विनोदात अर्ध्या सेकंदानेही फरक पडतो. या खेळात तो अर्धा सेकंद खेळाडूच्या हातात आहे.

शिवाय वर्णन आणि चित्र यांच्यातली दरी हा इथला विनोदाचा एक मोठा झराच आहे. मजकूर एखाद्या वस्तूचं ऐसपैस, फुगवलेलं वर्णन करतो आणि पडद्यावर दिसतात चार रेघा. दोन्ही एकमेकांच्या शेजारी असल्याशिवाय ते हसू येत नाही. चित्र देखणं केलं की मजकुराला फुगायला जागाच उरत नाही. म्हणून ‘साधं दिसूनही चांगला’ हे कौतुक मला अपुरं वाटतं. त्या साधेपणाने नेमकं काय काम केलं, हे परीक्षणात यायला हवं होतं.

आता पिकदाण्यांकडे येतो. या खेळावर लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी पिकदाण्यांचा उल्लेख केला, निवेदकाची एकदोन वाक्यं उद्धृत केली आणि ते पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं. दारूच्या गुत्त्यात पिकदाणी ठेवलेली असते. तुम्ही तिच्यात हात घालायला जाता. निवेदक तुम्हाला अडवू पाहतो, आत काय आहे याची जाणीव करून देतो, खरंच हे करायचंय का असं पुन्हा विचारतो. तुम्ही हट्टाने हात घालता. तो किळसवाण्या तपशिलात तुमची फजिती वर्णन करतो आणि शेवटी तुमच्या हातात काहीतरी कामाची वस्तू ठेवतो.

यातला विनोद त्या वाक्यांत फार थोडा आहे. रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, खेळांनी गेल्या कित्येक दशकांत खेळाडूला एक सवय लावली आहे: दिसेल ते पिंप फोड, दिसेल तो कप्पा उघड, परक्या घरात शिरून सगळं उचल. या सवयीकडे आपण कधी सवय म्हणून पाहत नाही. पिकदाणी त्या सवयीला एक किंमत लावते. किंमत आकड्यांत मोजायची नाही, लाजेत मोजायची. निवेदक सभ्यतेच्या बाजूला उभा, तुम्ही लोभाच्या. आणि बक्षीस मिळतं ते लोभाला! त्यामुळे पुढच्या गावात पुढची पिकदाणी दिसली की निवेदकाची बाजू आधीच लंगडी झालेली असते. तरी तो पुन्हा समजावतो, आणि तुम्ही पुन्हा हात घालता. विनोद असा साठत जातो. चित्रपटात हे करता येणार नाही, कारण तिथे हात दुसऱ्याचा असतो. कादंबरीतही नाही. हात तुमचा, निर्णय तुमचा, आणि ज्याच्यावर हसायचं तो माणूसही तुम्हीच. खेळ या माध्यमालाच शक्य असलेल्या विनोदाचं याहून स्वच्छ उदाहरण मला सहज आठवत नाही. एवढा ऐवज समोर असताना दोन वाक्यं उद्धृत करून पुढे जाणं म्हणजे नाटकातले संवाद छापून ते परीक्षण म्हणून देण्यासारखं आहे.

दुसरं उदाहरण वेडगळ चालीचं. सुरुवातीच्याच भागात एक पुस्तक हाती लागतं, ते वाचलं की तुमचं पात्र विचित्र चालायला शिकतं. इथवर ठीक. पण ही चाल चालू-बंद करण्याची सोय दिसते ती खेळाच्या सेटिंग्जमध्ये, आवाज आणि पडद्याच्या पर्यायांच्या रांगेत. सेटिंग्ज ही कथेबाहेरची जागा आहे अशी आपली पक्की समजूत असते. ती यंत्राची आणि खेळाडूची खासगी बाब. कथेतल्या पात्राने वाचलेलं पुस्तक तिथे जाऊन उगवलं, की आत काय आणि बाहेर काय हा हिशेबच बिघडतो. त्या चालीचा उपयोग शून्य. लढाईत फायदा नाही, वाट लवकर सरत नाही. मी ती शेवटपर्यंत बंद केली नाही, आणि गंभीर प्रसंगात माझा माणूस कोलांट्या घेत शिरला तेव्हा प्रत्येक वेळी हसलो. पाच रेघांच्या शरीराला जे लीलया जमतं ते हाडामांसाच्या, हुबेहूब चितारलेल्या शरीराला जमलं नसतं. म्हणजे हा विनोद चित्रशैली, सेटिंग्जची रचना आणि खेळाडूची निवड या तिन्हींच्या सांध्यावर उभा आहे. ‘एक गमतीदार पर्यायही आहे’ या नोंदीत त्यातलं काहीच येत नाही.

लढाईबद्दल बोलतो, कारण तिथे तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. आळीपाळीने खेळायच्या या लढाया साध्या आहेत. नीट तयारी केलेलं पात्र पुढे पुढे इतकं बळकट होतं की डावपेच लागत नाहीत. हे तुम्ही लिहिलंत, योग्यच केलंत. पण लिहिलंत ते असं, की विनोद हा एक विभाग, लढाई हा दुसरा, आणि दोन्हींचे गुण वेगळे मांडून शेवटी बेरीज. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तोच तपासायचा होता. दोन विनोदांच्या मध्ये वीस मिनिटांची घनघोर लढाई आली तर दुसरा विनोद थंड पडतो. म्हणजे लढाई आटोपशीर असणं ही विनोदाची गरज आहे. हरल्यावर पात्र मरत नाही, चिडतं. हाही हलकेपणा राखण्याचाच मार्ग. दुसऱ्या अंगाने पाहिलं तर सोप्या लढाईने विनोदाचं नुकसानही केलं आहे, आणि ते कुणी मांडल्याचं माझ्या फारसं वाचनात आलं नाही. खेळात शेकडो वस्तू आहेत, प्रत्येकीचं वर्णन जीव ओतून लिहिलेलं आहे, कित्येकींचा परिणाम स्वतःच एक विनोद आहे. पण त्या वापरण्याची गरजच पडली नाही तर तो विनोद थैलीत पडून राहतो. माझ्या थैलीत शेवटी ढीगभर न वापरलेल्या बाटल्या आणि खाद्यपदार्थ होते. लढाई थोडी कठीण असती तर लेखकांचं कितीतरी काम माझ्यापर्यंत पोचलं असतं. खेळाची खरी उणीव मला इथे दिसते, आणि ‘लढाई उथळ आहे’ या शेऱ्यापेक्षा ती कितीतरी अधिक सांगून जाते.

आता पश्चिमेबद्दल. हा विषय तुमच्या लेखनात सर्वांत कमी आला याचं मला खरोखर वाईट वाटतं. अमेरिकेची जुनी पश्चिम ही दंतकथांनी भरलेली भूमी आहे. तोंडाची रेषही न हलवता अशक्य थापा मारायच्या, ही तिथल्या गोष्ट सांगणाऱ्यांची जुनी परंपरा. खेळाचा निवेदक त्याच घराण्यातला. सर्पतेल विकणारे भोंदू वैदू, घेवड्यावर जगणारे गुराखी, सोन्यापायी खाणीत उतरलेले लोक, हे सगळं खऱ्या इतिहासातून आलं आहे. रेल्वेही तशीच. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमन्टरी समिट इथे पूर्वेचा आणि पश्चिमेचा लोहमार्ग जोडला गेला आणि पश्चिमेच्या मोहिमेला जो वेग आला त्याची मोठी किंमत मूळ रहिवाशांनी मोजली. या खेळातही लोहमार्ग पश्चिमेकडे सरकवायचा आहे, वाटेतले अडथळे दूर करायचे आहेत.

मग प्रश्न पडायला हवा की इथे विनोद कुणाच्या जिवावर चालला आहे. खेळात गॉब्लिन, म्हणजे परीकथांतले बुटके, कुरूप जीव आहेत. त्यांच्याशी मारामारी करता येते. पण त्यांची भाषा शिकलात तर त्यांच्याशी बोलता येतं, त्यांच्यातलाच गॅरी तुमचा जोडीदारही होऊ शकतो. जुन्या पश्चिमेच्या कथांमध्ये ‘पलीकडच्यांना’ बहुधा फक्त गोळ्या घातल्या जात. इथे भाषा शिकण्याचा मार्ग ठेवला आहे आणि त्या मार्गावरचे विनोद अधिक चांगले आहेत, असं माझं मत आहे. दुसरीकडे हेही खरं की मूळ रहिवाशांच्या जागी काल्पनिक जीव ठेवले की इतिहासातल्या रक्ताकडे पाठ फिरवणं सोपं जातं. ही पळवाट आहे की विचारपूर्वक केलेली निवड? मी स्वतः दोन्ही बाजूंनी विचार केला आहे आणि माझा कल खेळाच्या बाजूने आहे, कारण खेळाडूला भाषा शिकायचे कष्ट घ्यायला लावणं ही साधी गोष्ट नाही. तुमच्यापैकी कुणी उलट मत मांडलं असतं तर ते मी आनंदाने वाचलं असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आला तेव्हा पश्चिमेचा अंत, हिंसा, अपराधभाव यांवर तुम्ही लांबलचक आणि उत्तम निबंध लिहिलेत. पश्चिमेचाच विषय, पण एकाने तो उदास चेहऱ्याने मांडला म्हणून त्याच्यात विचार दिसला, आणि दुसऱ्याने हसवत मांडला म्हणून कुणी शोधलाही नाही.

पुरस्कारांच्या परीक्षकांना माझं म्हणणं याच धाग्यावर आहे. इंडिपेंडंट गेम्स फेस्टिवलच्या २०१८ च्या परीक्षकांनी या खेळाची दखल घेतली, ‘पीसी गेमर’ या नियतकालिकाने त्याला २०१७ चा सर्वोत्तम विनोदी खेळ म्हणून निवडलं. दोघांचे आभार. पण ‘द गेम अवॉर्ड्स’ या वार्षिक पुरस्कारांची २०१७ ची, कथनाच्या विभागातल्या नामांकनांची यादी डोळ्यांपुढे आणा. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिन्च’, ‘हेलब्लेड’, ‘होरायझन झीरो डॉन’, ‘नीअर ऑटोमाटा’, ‘वोल्फेन्स्टाइन २’. एका कुटुंबातले मृत्यू, मनोविकार, उद्ध्वस्त जग, माणसांनंतरचं जग, नाझींच्या ताब्यातली अमेरिका. पाचही खेळ मानाचे आहेत, पहिल्याला मिळालेला पुरस्कार योग्यच होता. तरी एवढ्या यादीत हसवणं हेच ज्याच्या लेखनाचं मुख्य काम आहे असा एकही खेळ नसावा?

विनोदी खेळ जिंकतच नाहीत असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. ‘पोर्टल २’ने २०१२ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टाचे सर्वोत्तम खेळाचे आणि कथेचे पुरस्कार मिळवले. ‘अनटायटल्ड गूस गेम’ला २०२० मध्ये डाइस या अमेरिकेतल्या गेम-पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून गौरवलं गेलं. पण पहिल्यामागे कोड्यांची भक्कम रचना होती, दुसऱ्यात संवादच नाहीत. पानंच्या पानं मजकूर लिहून, वस्तूंच्या वर्णनांतून आणि लढाईतल्या डावांच्या नावांतून हसवणारा खेळ मात्र परीक्षकांच्या हातून निसटतो. वेगळ्या विनोदी विभागाची मागणी मी करत नाही. तसा विभाग झाला की मुख्य विभागांतून विनोदाला बाहेर काढायला कारणच मिळेल. कथनाच्या आणि लेखनाच्या विभागात विनोदी मजकूर लेखन म्हणून वाचला जावा, एवढीच मागणी आहे. भरतमुनींच्या आठ रसांत शृंगाराच्या पाठोपाठ हास्याचं नाव येतं. तो त्या रांगेत हक्काने बसला आहे, कुणाच्या मेहेरबानीने नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील की विनोद ज्याच्या त्याच्या आवडीचा मामला, त्याची चिकित्सा कशी करणार? भीतीही ज्याची त्याचीच असते. एकाला अंधाराची, दुसऱ्याला अंधारात कुणी नसण्याची. तरी भयाच्या खेळांवर तुम्ही प्रकाश, ध्वनी, दारूगोळ्याचा तुटवडा, राक्षस किती वेळ दिसतो आणि किती वेळ दिसत नाही, असं बारकाईने लिहिता. तुम्हाला स्वतःला भीती वाटली नसली तरी ती कशी रचली होती हे सांगू शकता. मग हसू आलं नाही तरी विनोदाची रचना सांगता येईलच. आणि आलं असेल तर ते सांगणं तुमचं अधिकच कर्तव्य ठरतं, कारण पुढचा विनोदी खेळ लिहायला बसलेला माणूस तुमचं परीक्षण वाचतो. ‘लेखन धमाल आहे’ या वाक्यातून त्याला काहीही शिकता येत नाही. लढाईबद्दलचे तपशीलवार आक्षेप मात्र त्याला मिळतात. तो लढाई सुधारेल, विनोदाबद्दल अंधारात चाचपडत राहील.

एक लहानशी विनंती. परीक्षणात खेळातले सर्वांत चांगले विनोद छापू नका. रहस्यकथेतला खुनी कोण हे तुम्ही कधी फोडत नाही, त्यासाठी इशाराही देता. विनोदाला ते संरक्षण मिळत नाही, आणि स्क्रीनशॉटमध्ये तर मजकूर जसाच्या तसा दिसतो. आधी वाचलेला विनोद खेळताना समोर आला की तो फक्त ओळखू येतो. रचना समजावायला एखादा मधला, दुय्यम विनोद पुरतो.

याच मंडळींचा ‘शॅडोज ओव्हर लोदिंग’ हा पुढचा खेळ नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. काळ १९२० च्या दशकाचा, बाज गूढ भयकथांचा, माणसं तशीच काड्यांची. त्याच्याही परीक्षणांत मला जुनाच साचा बराच दिसला. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. पुढचा विनोदी खेळ तुमच्या हाती येईल तेव्हा त्यातला एकच विनोद निवडा. तो कुठे सुरू होतो, खेळाडूकडून काय करवून घेतो, कोणत्या सवयीवर टेकतो, दुसऱ्यांदा आला तर वाढतो की विरतो, हे तीनचार परिच्छेदांत लिहा. लढाई, चित्रं, गुण यांच्याकडे त्यानंतर वळा.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
एक नियमित वाचक आणि खेळाडू